चौकटीवरचे पोपट

आमचं घर वाढवलं तेव्हा ते कमी झालं.

धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. आणि घरं एकमेकांना इतकी चिकटलेली, की एकाने भिंतीत खिळा ठोकला तर शेजाऱ्याचं कॅलेंडर पडावं. त्या रांगेत आमच्या घराचं वेगळेपण एकच. दाराची सागवानी चौकट. पणजोबांच्या काळात कुणा कारागिराने तिच्यावर द्राक्षाचा वेल कोरला होता (द्राक्षं त्याने पाहिली नसावीत, ती बोरांसारखी होती) आणि दोन बाजूंना दोन पोपट. उजवा पोपट आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, खास. मोतीबिंदूमुळे आबांना समोरचं सगळं दूध सांडल्यासारखं दिसे. बाहेरून येताना ते एकेका दारावरून हात फिरवत चालत आणि हाताला पोपट लागला की वळून आत शिरत.

नव्वद सालच्या आसपास माझ्या बायकोने, सुमनने, मोठ्या स्वयंपाकघराचा आग्रह धरला. जुन्यात कळण्याच्या भाकरी थापायच्या तर परात ओसरीत ठेवावी लागते, असं तिचं म्हणणं. (अतिशयोक्ती नाही. ती परात मी ओलांडली आहे.) मागे मोकळी जागा होती. नेमका त्याच सुमारास मी जुन्या घरांवरचं एक व्याख्यान ऐकून आलो. वक्ते स्वतः नव्या फ्लॅटमध्ये राहत होते, पण शाल-श्रीफळ सांभाळत “वास्तूचं व्यक्तिमत्त्व जपा!” असं त्यांनी म्हटलं, आणि ते वाक्य मी घरी घेऊन आलो.

“स्वयंपाकघर होईल, पण वास्तूचं व्यक्तिमत्त्व जपून,” मी म्हणालो.

“जपा. फक्त त्याला ओटा आणि मोरी असू द्या.”

आबांना विचारलं. “काय बी बांधा,” ते म्हणाले, “फक्त मना हात ठेवाले जागा ऱ्हाऊ द्या.”

“आबा, पोपटाला धक्का लागणार नाही. माझा शब्द!”

शब्द! तिथेच सगळं बिघडलं.

भिका मिस्तरीने स्वयंपाकघराला साधी चौकट बसवली, आणि माझ्यातलं व्याख्यान जागं झालं.

“मिस्तरी, ही आणि पुढच्या दाराची, दोन्ही चौकटी एकसारख्या दिसल्या पाहिजेत. नक्षी काढा.”

“काढू?” मिस्तरी दचकला.

“काढा! वेल काढा, पोपट काढा. एक पान सोडू नका!”

“आबास्ले इचारं का?”

“आबांचीच इच्छा आहे.”

“बरं, सर. तुमनी मर्जी.”

आबांना भुशाचा त्रास नको म्हणून मी त्यांना भुसावळला बहिणीकडे सोडायला गेलो. एसटीत सांगितलंसुद्धा, “आबा, परत याल तेव्हा घरात चार पोपट असतील.”

परतलो. दोन्ही चौकटी एकसारख्या होत्या, त्यात खोट काढायला जागा नव्हती. दोन्ही गुळगुळीत, वरून वॉर्निश. माशी बसली असती तर घसरून पडली असती.

“मिस्तरी! नक्षी कुठंय?”

“काढी ना! लई कठीन काम व्हतं, सर. वेल लगेच निंघी गया, पन तो जेवना हातना, उजवा पोपट रंध्याले दाद दे ना!”

“अहो, काढा म्हणजे कोरा!”

“मंग कोरीच शे ना आते!”

मी आत धावलो. “सुमन, त्या ढलप्या कुठे आहेत?”

“बंबात. काय सुरेख जळतायत! प्रवासातून आलात, आंघोळ करून घ्या.”

त्या पाण्याने मी आंघोळ केली. (सुतकाची म्हणा.) बाहेर आलो तर सुमन समजूत घालायला उभी. “जाऊ द्या. पोपटांच्या पंखांतली धूळ पुसायचं तरी वाचलं.”

मिस्तरीलाही वाईट वाटलं होतं. त्याने सागाच्या तुकड्यावर नवा पोपट कोरला आणि उजव्या बाजूला, अगदी पहिल्या जागी, खिळ्यांनी ठोकला. सुमनने तो बराच वेळ न्याहाळला.

“कोंबडी छान आलीय,” ती म्हणाली.

मी तिला हिरवा रंग दिला. आता ती आजारी कोंबडी दिसू लागली.

आणि न कळवता आबा आले! मी खिडकीत. गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरून ते हात फिरवत दारोदार पुढे सरकत होते. आमच्या चौकटीला हात लागला. बोटं थांबली. चोच चाचपली, शेपूट चाचपलं. मग कुणाच्या अंगाला चुकून हात लागावा तसा त्यांनी तो मागे घेतला आणि पुढच्या घराकडे निघाले.

गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तिथे उभे राहिले. वाटच संपली होती. मी अनवाणी धावलो, त्यांचा हात धरून त्यांना परत आणलं.

“आबा, हेच घर.”

“नही भो. आठे तं कोंबडी शे.”

शेवटी सगळं सांगावं लागलं.

“काढाले कोनी सांगं?”

“मीच. मी म्हणालो, नक्षी काढा.”

आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता डावीकडच्या गुळगुळीत सागावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. काहीच लागलं नाही.

“तू शाळामा पोरेस्ले काय शिकाडस रे?” त्यांनी विचारलं.

“मराठी,” मी म्हणालो. (व्याकरणही माझ्याचकडे आहे, हे मी बोललो नाही.)