दौलतकाकांचं मत

मागच्या पंचायत निवडणुकीच्या दिवशी, भर दुपारी, गावच्या शाळेतल्या मतदान केंद्रात मी दौलतकाकांचं मत चोरलं.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, सोबत काम करणाऱ्यांना तर नाहीच. आणि मी कोण? इकडे मध्य प्रदेशात पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत दिव्यांगांच्या हक्कांची पत्रकं वाटत फिरणारी मंजू. लोधीखेड्याच्या बाजारात माईक धरून ओरडलेय — यांच्या वतीनं ठरवू नका, यांना विचारा! टाळ्या घेतल्यात त्यावर. मग एवढी वर्षं तोंड का शिवलं होतं? भीती. दुसरं काही नाही.

तिगावच्या अलीकडे आमचं गाव. दौलतकाका आमच्याच गल्लीतले. लहानपणीच दृष्टी गेलेली. संत्र्याच्या हंगामात बागेवाले त्यांना माल निवडायला बोलावतात. बाकी वर्षभर ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची खेचतात. ज्याला दिसत नाही त्याला मत द्यायला आपल्या भरवशाचं माणूस आत नेता येतं, असा कायदा आहे. मीच त्यांना तो समजावला होता. घरात पुतण्या होता, तरी काका म्हणाले, "तो त्याच्याच मनानं ठप्पा मारते वं. तू चाल. तू तं आमचंच काम करून राहिली."

हे वाक्य — हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

आमच्या वॉर्डातून पंचाला, म्हणजे पंचायतीच्या सदस्यपदाला, तिघं उभे होते. त्यातल्या रमेशभाऊनं आमच्या मागण्या मान्य केल्या होत्या : शाळेला रॅम्प, संडासात पकडायला दांडा. म्हणजे तो आमचा माणूस. तिसरी शेवंताबाई. गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी विधवा. ना पैसा, ना पाठीशी कोणी. तिचं म्हणणं एवढंच, की गल्लीतल्या उघड्या नालीवर फरशा टाकीन. मी हसले होते तिला. नालीवर निवडणूक लढतात का?

पडद्याआड काका माझ्या कानाशी आले. "सरपंचाचं तुले सांगतलं तसं. अन् पंचाले शेवंता. त्या नालीत दोनदा माहा पाय मोडता मोडता वाचला."

त्यांनी कारणसुद्धा दिलं होतं. मागितलं नव्हतं मी, तरी दिलं. आणि मी काय विचार केला? — काकांना कळत नाही. मत वाया जाईल. रॅम्प महत्त्वाचा. लढत अटीतटीची आहे.

मतपत्रिकेवर मी ठप्पा रमेशभाऊच्या निशाणीवर मारला.

"बराबर पडला ना?"

"हो काका. बराबर."

आत जाताना मी सही केली होती, की हे मत गुप्त ठेवीन. तेवढं मात्र मी पाळलं.

संध्याकाळी तिथंच मोजणी झाली. रमेशभाऊ आरामात आला. काकांच्या मताची त्याला गरजही नव्हती. शेवंताबाईला एक मत पडलं. एक. तिचं स्वतःचं. काका मात्र दुपारपासून ओट्यावरून सांगत होते, की म्या शेवंताले देलं. चौकात सगळ्यांसमोर ती त्यांच्यापुढे उभी राहिली. "एक तं म्याच मारलं. मंग तुमचं कुठी गेलं, काका?"

कोणीतरी ओरडलं, "रस्त्यात सांडलं असन!" सगळे हसले. काका हसले नाहीत. ते एकेकाच्या आवाजाकडे मान वळवत म्हणत राहिले, "देलं ना बावा. आईची आन, देलं." मी तिथंच होते. पाच पावलांवर. गप्प.

तेव्हापासून गावात कोणी थाप मारली की म्हणतात — दौलतचं मत. शेवंताबाई त्यांच्या ओट्यावरून न बोलता जाते. ज्या माणसानं तिला मत दिलं, तोच तिच्या लेखी खोटारडा. रॅम्प झाला, हो. त्याचा फोटो आमच्या पत्रकावर आहे. नाली उघडीच आहे. पुतण्या मनानं ठप्पा मारतो म्हणून काकांनी त्याला नाकारलं, आणि पुतण्यानं केलं असतं तेच मी केलं. फरक एवढाच, की मी ते हक्कांच्या नावानं केलं. ते जास्त वाईट नाही का?

परवा मी काकांना सांगितलं. त्यांचा हात माझ्या हातात होता. त्यांनी तो काढून घेतला.

"शेवंताले सांगतलं?"

"नाही."

"मंग मले कायले सांगून राहिली? मले तं माहीतच होतं म्या कोणाले देलं."

शेवंताबाईनं दारातच ऐकून घेतलं. आत ये म्हणाली नाही. "चौकात हसले होते ना सारे? मंग चौकात सांग."

काल सांगितलं. आधी कोणाला खरंच वाटेना. रमेशभाऊ म्हणाला, "सोड ना वं मंजू, एका मतानं काय होते!" आणि पुन्हा हसू. म्हणून आता हे छापून वाटतेय, त्याच बाजारांत, जिथे मी टाळ्या घेतल्या होत्या. माफी मागत नाही. काकांनी ती दिलेली नाही, आणि ती देणं तुमच्या हातात नाही.

पण हे वाचलंत ना? मग कोणी तुमच्यासमोर 'दौलतचं मत' म्हणून हसलं, तर त्याला तिथंच अडवा. सांगा — दौलतकाकांनी मत शेवंताबाईलाच दिलं होतं. मंजूनं ते फिरवलं. माझं नाव घेऊन सांगा.