हात न लावता तपासलेलं पोट

२०२२ साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या मॅडमनं आपला मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला होता. त्यात एक चिनी म्हातारा गादीवर उताणा पडून स्वतःचंच पोट चोळत होता.

"बघा बाबा," मॅडम म्हणाल्या, "तिकडं म्हातारी माणसं रोज सकाळी असं करतात. अन्न पचायला, पोट साफ व्हायला. कुणाची मदत लागत नाही."

मी सगळं पाहिलं. तळहातावर तळहात. बेंबीभोवती आधी लहान गोल, मग मोठा. उजव्या बाजूनं वर, बरगडीखालून आडवा, डाव्या बाजूनं खाली.

"याले कोणं शिकवलं?" मी म्हटलं. "हे तं माझंच हाय."

मॅडम हसल्या. "फार जुनी पद्धत आहे त्यांची."

"माझ्या आज्याची त्याहून जुनी असन."

मी तिसरीपर्यंत शिकलो. पण पोट चोळण्यात महागाव तालुक्यात माझ्यासमोर कोणी बसावं, असा माणूस मी पाहिला नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही, होतं ते सांगतो. मोठं आतडं उजवीकडून वर चढतं, आडवं जातं आणि डावीकडून खाली उतरतं. हात त्याच वाटेनं फिरवायचा. उलटा फिरवला तर मळ मागं ढकलला जातो आणि माणूस कळवळतो. जवसाचं तेल, उपाशी पोट, गुडघे वर. बोटांनी नाही, तळव्यानं. बस, एवढीच विद्या. बाकी सगळं हाताला काय लागतं त्यावर. मऊ लागलं तर गॅस. दोरीसारखं लागलं तर आतडं आखडलं. खडे लागले आणि दाबल्यावर सरकले तर मळ. सरकत नसेल तर आपण हात काढून घ्यायचा आणि दवाखान्याची वाट दाखवायची. माझ्या बापानं मला हे मारून शिकवलं.

बायांच्या पोटाला आमच्याकडं पुरुष हात लावत नाही. ते काम शकुंतला करायची, माझी बायको. दोरीवर चादर टाकायची. पलीकडं बाई आणि शकुंतला, अलीकडं मी पाठ करून. मी विचारायचो, ती सांगायची. शकुंतला फार तोंडाची होती. मी म्हणायचो, "मऊ झालं असन आता." ती आतून ओरडायची, "कायचं मऊ? दगडावाणी लागून राह्यलं. तिकडं बसून हुशारी नका करू!" पेशंट बाईसुद्धा हसायची.

शकुंतला गेल्यावर मी बाया बंद केल्या. चार वर्षं. कोणी आली की सांगायचो, माझे अर्धे हात गेले. घरी बसून राहायचो. माणसं कमीच येत. ज्याला त्याला गोळी पाहिजे.

म्हणून तो चिनी म्हातारा पाहिला आणि माझ्या डोक्यात आलं: बाईच्या पोटाला बाईचाच हात लावायचा. तिचा स्वतःचा. मी चादरीअलीकडून सांगीन.

मॅडमला पटलं. गावातल्या म्हाताऱ्या बायांना त्या पोट साफ व्हायच्या गोळ्या देऊन थकल्या होत्या. पण त्यांनी अट घातली.

"वजन उतरत असेल, शौचाला रक्त पडत असेल, जेवण तुटलं असेल, तर चोळायचं नाही. माझ्याकडं पाठवायचं. विचाराल ना बाबा?"

"मले यादी नोका सांगू, मॅडम. तुमच्या वयाचं माझं काम हाय."

"तरी विचारा."

मी मान हलवली.

पंधरा दिवसांत अंगण भरायला लागलं. सकाळी चार-पाच बाया. चादरीपलीकडं पडायच्या, मी पाठ करून सांगायचो, त्या चोळायच्या. गुण येत होता, खोटं कायले बोलू? लोक परत मला "वैद्यबुवा" म्हणायला लागले. मला ते आवडत होतं.

ऐन उन्हाळ्यात शेवंता आली. ती माझ्या धाकट्या भावाची, वसंताची बायको. म्हणजे मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडं भासऱ्याचा मान मोठा. त्याच्यासमोर पदर डोळ्यांपर्यंत, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याची सावली ओलांडायची नाही. लग्न होऊन ती आली त्याला चाळीस वर्षं झाली होती. मी तिचं तोंड नीट पाहिलं नव्हतं. निरोप असला तर शकुंतला द्यायची.

वसंता तिला सोडून गेला. "दादा, हिचं पोट साफ होत नाही. तू पाह्य एकडाव."

ती चादरीपलीकडं पडली. मी सांगायला लागलो.

"उजवीकून वर घ्या. हं. आता आडवं. दाबून. मऊ लागून राह्यलं ना?"

"हो," आतून बारीक आवाज आला.

"आता डावीकून खाली. काही अडकत नाही ना?"

"नाही जी."

"बरं वाटते ना?"

"हो."

एक दिवसाआड येत होती. दोन महिने. प्रत्येक वेळी हेच. मॅडमनं सांगितलेलं मी दुसऱ्या बायांना विचारलं. हिला नाही विचारलं. भासऱ्यानं भावजयीला शौचाचं, रक्ताचं कसं विचारायचं? जीभच वळली नाही. वसंताला विचारता आलं असतं. तेही केलं नाही, कारण विचारलं असतं तर मला समजत नाही असं झालं असतं.

हात डावीकडं खाली आला की तिचा श्वास तुटायचा. ते मला ऐकू यायचं. पन्नास वर्षं त्या कामात आहे, मला कळत नव्हतं असं नाही. मी एकदा जोरात विचारलं, "दुखत तं नाही ना?"

"नाही जी," ती म्हणाली.

मी पुढं गेलो. आता समजतं, मी एकही असा प्रश्न विचारला नव्हता ज्याचं उत्तर मी आधीच देऊन टाकलं नव्हतं. तिला फक्त मान ठेवायचा होता. तिनं ठेवला.

पेरण्या उरकल्या होत्या. वसंता सकाळीच धावत आला. "दादा, पोट ढोलावाणी फुगलं. पानी पचत नाही."

गावातल्या एकाची गाडी केली. आर्णीपर्यंत ती कण्हत होती, त्यापुढं गप्प झाली. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात तिला स्ट्रेचरवर घेतलं. डॉक्टर पोरगेलासा होता. त्यानं पोटावर हात ठेवला आणि लगेच डाव्या बाजूला थांबला. मला लांबूनच समजलं. असा हात कधी थांबतो ते मी जाणतो.

सोनोग्राफी, फोटो, सगळं झालं. डॉक्टर बाहेर आला.

"आतड्यात गाठ आहे. वाट बंद झाली आहे. केव्हापासून त्रास आहे?"

"दोन महिने झाले," वसंता म्हणाला. "पण दादा चोळून देत होता. आमच्या दादाच्या हाताले सारं समजते. म्हणून बिनघोर होतो, साहेब."

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही तपासत होता? गाठ बाहेरून हाताला लागतेय. तुम्हाला लागली नाही?"

वसंता माझ्या तोंडाकडं पाहत होता. स्ट्रेचर तिथंच होतं, भिंतीला लावून.

"तवा नव्हती, साहेब," मी म्हणालो.

आणि स्ट्रेचरवरून, पदरातून, आवाज आला, "नव्हती जी."

चाळीस वर्षांत माझ्यासमोर ती स्वतःहून पहिल्यांदा बोलली. ते माझी लाज राखायला.

डॉक्टरनं कागदावर लिहून घेतलं आणि तो आत गेला.

ऑपरेशन झालं. शौचासाठी पोटाला पिशवी लावली. दुखणं लिव्हरपर्यंत गेलं होतं. डॉक्टरनं वसंताला बाजूला घेऊन सांगितलं, लवकर आणली असती तर गोष्ट वेगळी होती. ते मीही ऐकलं. तिला घरी आणली. मी रोज जाऊन ओसरीत बसायचो. ती आत खाटेवर. मी आलो की आत बांगड्या वाजायच्या. तेवढ्या दुखण्यातही ती पदर ओढून घ्यायची.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात ती गेली.

तेरवीला पाहुणे जेवले. पांढरकवड्याहून तिचा भाऊ आला होता, तो माझ्या पाया पडला. म्हणाला, "तुम्ही लय केलं." सगळ्यांदेखत. मी पानावरून उठलो.

पाहुणे पांगले. वसंता गोठ्यात म्हशीपुढं कुटार टाकत होता. मी त्याच्यामागं जाऊन उभा राहिलो.

"वसंता, मी तिच्या पोटाले एकदाही हात लावला नव्हता."

तो वळला. "म्हंजे?"

"ती चोळे. मी पाठ करून सांगो. गाठ मले लागन कशी? तरी मी साहेबाले म्हनलं, नव्हती."

मला वाटलं, हातातली कुटाराची पाटी तो माझ्या डोक्यात घालेल. घातली असती तर बरं झालं असतं.

"हात कसा लावशीन, दादा?" तो म्हणाला. "तू भासरा होता तिचा." आणि पुन्हा कुटार टाकायला लागला.

त्याला त्यात माझी चूक दिसलीच नाही. गावात कोणालाच दिसली नसती. रीत पाळली म्हणून उलट मान दिला असता. रीत मी आजही वाईट म्हणणार नाही. ती पाळणाऱ्यानं त्या बाईला दुसऱ्या हाताकडं पाठवायला पाहिजे होतं, एवढंच. शिकलो ते एकच: ज्या पोटाला आपला हात लागू शकत नाही, ते पोट आपलं पेशंट नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अंगणात तीन बाया येऊन बसल्या होत्या. तेरवी उरकली म्हणून बुवा परत बसेल असं त्यांना वाटलं. मी त्यांना उठवलं, म्हटलं, मॅडमकडं चला. एक कुरकुरली, "काहून जी? इथंच बरं हाय. तिथं ती मॅडम साऱ्या पोटाले हात लावते." मी म्हटलं, "म्हणूनच." तिघींना पुढं घालून उपकेंद्रात नेलं. मॅडमला दारातच सगळं सांगितलं, शेवंताचं, डॉक्टरला काय बोललो तेही. त्यांनी समजूत घातली नाही. एकेक बाई आत घेतली. तिसरी बाहेर येईपर्यंत मी बाकावर बसून राहिलो.