सिस्टरची सावड

आमच्या शाळेचा इतिहास लिहून काढा, असं गॅदरिंगला दरवर्षी कोणीतरी मला सांगतं. मी तिथला जुना मराठीचा मास्तर! पण लिहायला बसलं की इतिहास राहतो बाजूला आणि किस्सेच निघत राहतात. फणस फोडल्यावर एक गरा खाऊन कोणी उठतं का?

* * *

नव्वदच्या आसपास हायस्कूल सुरू झालं, तेव्हा इमारत नव्हती. सापगावच्या पुढे एका भातगिरणीच्या शेडमध्ये वर्ग भरायचे. मंगळूरकडच्या सिस्टर ॲग्नेस आमच्या हेडमिस्ट्रेस. शेडमध्ये हवेत कोंडा तरंगायचा, आणि तिरप्या उन्हात फळा, पोरं, सिस्टर, सगळंच सोनेरी दिसायचं. मला स्वप्नात शाळा अजून तशीच दिसते.

एकदा तपासणीला साहेब आले. गिरणीवाल्याला म्हणाले, "इथं हायस्कूल कुठंय?"

"हेच की! पन आत्ता भरडाई चालू हाय. हायस्कूल आंब्याखाली गेलंय."

साहेबांनी तपासणी आंब्याखालीच उरकली.

* * *

पुढे शाळेसाठी घेतलेल्या नव्या जागेत मारिया मातेचा पुतळा बसला, कडेवर बाळ येशू. लगेचच्या मंगळवारी जवळच्या पाड्यावरच्या सखूबाईने त्याच्यापुढे हिरवा खण, नारळ आणि मूठभर तांदूळ ठेवले.

सिस्टर गोंधळल्या. "सखूबाई, आमच्यात असं नसतं."

"तुमच्यात नसंल! पन तिच्या कडंवर पोर हाय ना? मंग तिची ओटी रिकामी कशी ठेवायची?"

तो खण सिस्टरांनी उचलला नाही. पावसात त्याचा रंग मातेच्या पायांवर उतरला, तो अजून पुसटसा दिसतो.

* * *

या सखूबाईची मुलगी सुमन. त्या पाड्यावरून आठवीत आलेली पहिलीच मुलगी. आवणी लागली, म्हणजे भाताची रोपं लावायचे दिवस आले, आणि सुमन वर्गात दिसेना. सिस्टर थेट सखूबाईच्या खाचरावर! मी छत्री धरून मागे.

"सुमन दहावी झालीच पाहिजे," सिस्टर म्हणाल्या.

"होऊं दे ना! पन तिचं दोन हात तुमी नेलं, तं मला दोन हात कोन देल?"

सिस्टरांनी चपला बांधावर काढल्या, पांढरा झगा वर खोचला आणि चिखलात उतरल्या! सुमन वर्गात, सिस्टर खाचरात. माहुलीच्या डोंगरावरून ढग खाली आले, तेव्हा बगळे कुठले आणि सिस्टर कुठल्या, कळेना. रोपांची ओळ वाकडी चाललीय, एवढं मात्र कळत होतं.

* * *

त्याच हिवाळ्यात शाळेची स्वतःची इमारत उभी राहत होती. एका सकाळी सखूबाई पाड्यावरच्या बायांना घेऊन हजर. घमेली उचलून सगळ्याजणी वर्गांच्या जोत्यात माती भरायला लागल्या.

सिस्टरांचे डोळे भरून आले. "केवढं हे दान!"

सखूबाई चिडलीच. "दान कसलं? सावड हाय!"

सावड म्हणजे आज तू माझ्या शेतात राब, उद्या मी तुझ्याकडे राबते. सगळं तोंडी, पण ती बुडवायची कोणाची छाती नाही. भर घालून झाली. तरी दुसऱ्या दिवशी बाया पुन्हा आल्या आणि आवार झाडायला लागल्या.

"सखूबाई, काम संपलं की!"

"ठावं हाय. कालची आमी फेडली. आजची तुमच्यावर बसली. आवणीला येवा!"

मग हे दरवर्षीचंच झालं. सिस्टर आवणीला जायच्या, सुमन वर्गात बसायची, आणि बाया शाळेचं काहीतरी काम शोधून एक दिवस जास्तीच राबून जायच्या.

* * *

सुमन दहावीत गेली. आणि ऐन आवणीत, मुंबईहून सगळ्या सिस्टरांच्या वरिष्ठ मदर आल्या. सिस्टर ॲग्नेसची बदली! आजच निघायचं. जीप दारात उभी. सिस्टर गेल्या की उद्यापासून आपण खाचरात, हे सुमनला बरोबर कळलं होतं. ती मुकाट्याने दप्तर आवरायला लागली. मला तर तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात फाटकातून सखूबाई आली. मागे बाया, सगळ्यांच्या पोटऱ्यांना ओला चिखल.

"न्या तुमच्या सिस्टरला," ती मदरना म्हणाली. "पन सावड बाकी हाय. ती कोन फेडनार?"

मदरना मराठी बेताचंच. मी सगळं इंग्रजीत समजावलं, अगदी सावडीसकट. त्यांनी सखूबाईचे पाय पाहिले. वर्गाच्या दारात दप्तर घेऊन उभी असलेली सुमन पाहिली. मग स्वतःचे पॉलिश केलेले बूट पाहिले.

आणि मोडक्या मराठीत मला विचारलं, "बूट... कुठे काढायचा?"