लेकीचे कान

माझी मुलगी तिच्या आजीला 'मामा' म्हणते. हे कळल्यावर नागपूरहून माझा भाऊ फोनवर ओरडला होता, "मग मी कोण? आत्या?" नवरा हाँगकाँगचा, घरात त्याची आई, आणि त्यांच्या कँटोनीजमध्ये वडिलांच्या आईला मामाच म्हणतात, त्याला मी काय करू! अमेरिकेत सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये दिवसभर मामा-मामा चालायचं. माझ्या वाट्याला 'आई' एवढा एक शब्द आला होता, आणि चिडले की तोंडून निघणारी बाकीची मराठी.

सासूबाईंचा एक खेळ होता. ओट्यावर सूपचा बाऊल, एक लिमलेटची गोळी आणि इस्त्री मांडून ठेवायच्या. मग आमच्याकडे पाठ करून म्हणायच्या, "थाँग." सूपही थाँग, गोळीही थाँग, इस्त्री करणंही थाँग. फरक काय तो आवाजाच्या चढउताराचा. लेक अगदी बालवाडीत होती तेव्हापासून दणादण बरोबर वस्तूवर बोट ठेवायची. मी आपली अंदाजपंचे! लहानपणी गाण्याच्या परीक्षा दिलेली बाई मी, पण मला तिन्ही थाँग सारखेच ऐकू यायचे. लेक मला रागवायची, "बघतेस काय आई, ऐक ना!" सासूबाई हसून हसून ओट्याला टेकायच्या. जिंकलेल्या गोळीतली अर्धी लेक मला द्यायची, कीव करून.

पहिलीत गेली आणि वाचनाची गाडी अडली. शाळेतल्या बाई एक शब्द म्हणायच्या, त्यातला शेवटचा आवाज वगळून उरलेलं सांग म्हणायच्या. ही अख्खा शब्दच परत म्हणायची. बाकीची पोरं पुस्तकं बदलून नेत होती आणि ही अजून त्याच मांजराच्या पुस्तकावर. बाईंनी आम्हा दोघांना बोलावून स्वच्छ सांगितलं, घरची भाषा आड येत नाही, उलट भरपूर बोला, तिला थोडा वेळ द्या. मला ते पटलं. नवऱ्याला पटलं नाही.

तो स्वतः आठ वर्षांचा असताना इथे आला. वाचायला उभा राहिला की अख्खा वर्ग खिदळायचा, हे त्याने मला लग्नाआधी सांगितलं होतं, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नव्हता. शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी सुरू न करताच तो म्हणाला, "आजपासून घरात फक्त इंग्लिश."

"अरे, तुझ्या आईला इंग्लिश येतं कुठे?"

"शिकेल."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" हे मी मराठीत म्हणाले, पण त्याला अर्थ बरोबर कळला. खूप भांडलो आम्ही. तो हटला नाही. त्याला लेकीच्या जागी तो स्वतःच उभा दिसत होता, आणि त्या भीतीपुढे माझं काही चालेना.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. मला वाटलं, दोन दिवसांत नियम मोडतील. कसलं काय! नातीचे कान आपणच बिघडवले, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. सुरुवातीला लेक शाळेतून धावत येऊन त्यांच्या भाषेत काहीतरी सांगायला लागायची. त्या ओठांवर बोट ठेवायच्या. हळूहळू तिने सांगणंच बंद केलं. हाँगकाँगच्या बहिणीशी फोनवर बोलायलासुद्धा त्या बाल्कनीत जायच्या आणि दार लावून घ्यायच्या.

त्यांच्याकडे एक रीत आहे. जेवायला बसलं की धाकट्याने आधी थोरांना जेवायला बोलवायचं, मग स्वतः घास घ्यायचा. "मामा, सेक फान," असं लेक रोज म्हणायची. आता बाऊल समोर आला की सरळ खायला लागायची. सासूबाई चॉपस्टिक्सना हात न लावता थोडा वेळ तशाच बसायच्या. बोलावण्याची वाट बघायच्या, दुसरं काय! मग खाली मान घालून जेवायच्या. मला ते बघवायचं नाही. टीव्हीवरून त्यांनी 'शूज' उचललं, 'गुड गर्ल' उचललं. तेवढ्यावर आजी-नातीचा संसार चालला होता.

दुसरी संपता संपता लेक वाचायला लागली, आणि असली भराभर की लायब्ररीतून पिशवी भरून पुस्तकं आणावी लागायची. नियमामुळे झालं की बाई म्हणाल्या तसा वेळ गेल्यामुळे, देव जाणे. नवरा मात्र छाती फुगवून फिरत होता. एका रविवारी दुपारी तो आईला म्हणाला, "आता बोल तिच्याशी. हवं तेवढं बोल."

सासूबाई लगबगीने उठल्या. किती दिवसांनी त्यांना अशी घाई झालेली बघत होते मी! सूपचा बाऊल काढला, गोळी शोधली, कपाटातून इस्त्री आणली. लेकीला आणि मला ओट्यासमोर उभं केलं, पाठ फिरवली.

"थाँग."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मग गोळीवर बोट ठेवलं. सासूबाईंनी वळून बघितलं, पुन्हा पाठ केली, पुन्हा म्हणाल्या, या वेळी अगदी सावकाश. लेकीने पुन्हा गोळी दाखवली, तिला ती हवी होती म्हणून. तिसऱ्यांदा तर तिने ऐकलंही नाही, फक्त आजीच्या मानेकडे बघत राहिली, तिथे काही लिहिलंय का ते शोधत. ती चूक करतेय हेसुद्धा मला सासूबाईंच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. हे ऐकणं परत येणार नाही, माझ्याकडे तर ते द्यायला कधी नव्हतंच. आणि ज्यांच्याकडे होतं त्यांना आम्ही गप्प बसवलं.

लेकीला मात्र मजा वाटली. तिने माझा हात धरून उंच उडी मारली, "आई, नाऊ वुई आर सेम टीम!"

नवरा सोफ्यावरून उठून बाल्कनीत गेला. सासूबाईंनी गोळीचा कागद सोडवला, गोळी लेकीच्या तळहातावर ठेवली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

"गुड गर्ल," त्या म्हणाल्या.