घोड्यांचा पोळा

मुंबईची गाडी लोणावळ्याला लागली. पाहुणे उतरले. बाहेर टांगे होते, पण एकाही टांग्याला घोडा जुंपलेला नव्हता. घोडी बाजूला झाडाखाली, कपाळाला गोंडे, गळ्यात घुंगुरमाळा, तोंडाला हरभऱ्याच्या चंदीची पिशवी.

मी त्या स्टँडचा मुकादम. शाळा दुसरीत सोडली, पण स्टँडवर माझा शब्द चालायचा. दुसरी लढाई लागायच्या आधीची ही गोष्ट.

झालं असं, की बंगलेवाल्यांच्या दया-कमिटीनं दवंडी पिटवली होती. अमुक दिवशी मुक्या जनावरांचा दिवस, घोडी सजवून आणा, चांगल्या घोड्याला बक्षीस. आम्ही सगळे टाकव्याकडचे, मळवलीकडचे, शेतकऱ्यांच्या घरचे. जनावरांचा दिवस म्हणजे आम्हाला पोळा ठाऊक. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी खांदेमळणी असते, म्हणजे जुवानं घासलेले खांदे हळद-लोणी लावून मळतात. आम्ही घोड्यांचे खांदे मळले. दुसऱ्या दिवशी जुंपायचं नाही, हे ठरवावंसुद्धा लागलं नाही.

कमिटीचे सेक्रेटरी घाम पुसत आले. "मुकादम, हे काय? घोडे जोडा. बाईसाहेब खोळंबल्यात."

बाईसाहेब म्हणजे त्या दिवसाच्या अध्यक्षीणबाई. अंगानं भारी. आणि समारंभ वरच्या बंगल्यावर, चढ मोठा.

"आज न्हाई जुंपत, सायेब. दिस त्यांचा हाय."

"अहो, दिवस म्हणजे सुट्टी नव्हे. भाषणं आहेत, घोड्यांची पाहणी आहे."

"पाहणीला आणतो की. मोकळी आणतो."

ते म्हणाले, एवढी मंडळी वर पोचायची कशी? मी म्हणालो, ते दवंडीत नव्हतं.

आमच्यातला थोरला गबाजी मागून हळूच बोलला, "भाऊ, लय ताणू नगं. बिल्ला जाईल."

बिल्ला म्हणजे दंडावरचा पितळी नंबर. तेच आमचं म्युनिसिपालिटीचं लायसन, आणि म्युनिसिपालिटीत चलती याच बंगलेवाल्यांची. तो गेला की टांगा बंद आणि घरची चूलही बंद. तेव्हा गबाजीचं ऐकायला हवं होतं, असं लोक अजून म्हणतात. मला तसं वाटत नाही.

"जुंपा, नाहीतर बिल्ला द्या," सेक्रेटरी म्हणाले.

मी बिल्ला सोडून त्यांच्या हातावर ठेवला. बाकीच्यांना सांगितलं, ज्याला जुंपायचं त्यानं खुशाल जुंपावं. कुणी हललं नाही. बिल्ला मात्र माझ्या एकट्याचाच गेला. सगळ्यांचे घेतले असते, तर दुसऱ्या दिवशी पाहुणे स्टेशनवर कोण सोडणार?

मग त्यांनी चार ठाकर हमाल बोलावले. एक खुर्ची दोन बांबूंना बांधली. बाईसाहेब बसल्या, हमालांनी उचललं. मागं मंडळी पायी. त्यांच्या मागं आमची घोडी, मोकळी, घुंगरं वाजवत. चढावर पुढचा हमाल खांदा बदलायला थांबला, तर सेक्रेटरी म्हणाले, "सांभाळून रे, बाईंना धक्का बसेल."

वर मुक्या जनावरांवर भाषण झालं. चांगलं झालं. अंगावर एक वळ नाही म्हणून माझ्या लालीला पहिलं बक्षीस. बाईंनी स्वतः तिला हार घातला.

बिल्ला पंधरवड्यानं परत आला. तोवर लाली दावणीला आरामात आणि मी मळवलीला, लेणी बघणाऱ्यांच्या खुर्च्या वाहायला. जोडीला त्याच चौघांतला धर्मा ठाकर. पहिल्याच खेपेला वर पोचलो, तर माझा खांदा सोलवटलेला. तो बघून धर्मा म्हणाला, "मुकादम, घोड्याचा दिस झाला. आपला कवा?"

"दवंडी हुंदे," मी म्हणालो.

रात्री बायकोनं हळद-तेल लावून खांदा मळून दिला. सकाळी पुन्हा खुर्ची.

पुढच्या वर्षी दवंडीत एक वाक्य वाढलं, टांगे नेहमीप्रमाणे चालू राहतील. माझा टांगा त्या दिवशी निघाला नाही. जनावराचा दिवस जरूर पाळावा. फक्त त्या दिवशीचं ओझं कोण उचलणार, तेवढं आधी ठरवून ठेवावं.