प्रेमदासकाकांच्या कपाटाचा खालचा खण

हिंगणीत बातमी अशी फिरली की प्रेमदासकाकांनी घरात पार्टिशन टाकलं. सुरुवात हिरालालच्या चहाटपरीवर झाली. वर्ध्याहून आलेल्या मालवाहू ऑटोतून प्लायच्या शीट उतरल्या, आणि कांताकाकू नेमक्या तेव्हाच अल्लीपूरला भावाकडे. हिरालालनं गाळणी हवेतच धरली, डोळे बारीक केले आणि निकाल दिला, "बुढा घराचे दोन भाग करून राह्यला. इकडं तो, तिकडं काकू." संध्याकाळपर्यंत त्या पार्टिशनला वेगळं दार बसलं होतं आणि विजेचं वेगळं मीटरसुद्धा.

तसं काहीही नव्हतं. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या भावाकडे आरामाला गेल्या होत्या. जाताना मात्र एक बोलून गेल्या, ते काकांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. डॉक्टरांनी वाकायला मनाई केलेली, आणि घरातलं सगळं सामान पलंगाखालच्या पेट्यांमध्ये. आता या घरात मी काय कामाची, असं म्हणून काकूंनी पुण्याच्या अनुपला, म्हणजे मुलाला, कळवून टाकलं होतं, की चालता आलं की आम्ही दोघं कायमचे तुझ्याकडं येतो.

काकांना हिंगणी सोडायची नव्हती. पण त्याहून जास्त ते खजील झाले होते. एसटीच्या डेपोत बसच्या बॉडीचं काम करता करता त्यांची नोकरी संपली. पहाटेची ड्यूटी असली की काकू आधी उठायच्या, पलंगाखालची पेटी ओढून खाकी कपडे काढायच्या, पेटी परत ढकलायच्या. पेटी फरशीवर घासल्याचा आवाज हाच काकांचा गजर. त्या आवाजामागे कुणाचे तरी गुडघे आहेत, हे इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

म्हणून कपाट. सुतार लावा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. काकांचं बोलणं भरल्या गाडीनं घाट चढावा तसं, आधी घरघर आणि मग शब्द. त्यांनी घरघर करून सांगितलं की एवढ्या गाड्यांच्या खिडक्या बसवल्या, कपाटाचं दार काय जड आहे! दुकानदारानं प्लाय मापात कापून दिला होता, जोडणी घरी. पहिलं दार उलटं लागलं. दुसरं उघडलं की पहिल्याला धडकायचं. प्रत्येक चुकीला काका डेपोतल्या जुन्या साहेबाच्या नाकातल्या आवाजात स्वतःलाच झापायचे, "प्रेमदास, ही गाडी रस्त्यावर जाईल?" मग आपल्या आवाजात, खालमानेनं, "नाई जी साहेब." की काढला स्क्रू, लागले पुन्हा पिळायला.

अखेर कपाट उभं राहिलं. भिंतभर, पिस्ता रंगाचं सनमायका लावलेलं, फरशीला असं चिकटून की उंदराला शिरायला फट नाही. पेट्या रिकाम्या झाल्या.

काकू आल्या. वॉकर धरून कपाटापुढं उभ्या राहिल्या. काका त्यांच्या मागं, दहावीचा निकाल ऐकायला आल्यासारखे. काकूंनी एकेक दार उघडलं, लावलं. मग नजर खाली नेली.

"अवो, बुद्धपौर्णिमेले घर धुवाचं पाणी कुठून जाईन?"

काकांचा चेहरा पडला. सणाआधी त्यांच्या घरी बादल्यांनी पाणी ओतून सगळी फरशी धुतात, आणि फरशीचा मोरीकडचा उतार बरोबर त्या भिंतीलगत. तिथंच काकांनी गावाजवळच्या बोर धरणाच्या खालोखाल दुसरं धरण बांधून ठेवलं होतं. पाणी तुंबणार, प्लाय फुगणार.

"आन् हा खालचा खण कोणासाठी जी?"

त्यात काकूंचे डाळी-पिठाचे डबे होते. वाकल्याशिवाय हात पोचत नव्हता. काका मटकन खुर्चीत बसले. पुण्याची गाडी त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागली.

"तुह्या गुडघ्यासाठी कपाट करतो म्हणलं, आन् माह्या गुडघ्याच्या मापानं करून बसलो. इतकी वर्षं तू वाकत राह्यली, मी पाह्यलं बी नाई कांता."

काकूंनी वॉकरचा पाय खालच्या खणावर टेकवला. मग म्हणाल्या, "मंग आता पाह्यलं ना? कापा तो खण."

सकाळी काकांनी खालचा खण कापून काढला आणि त्याच उंचीचे लोखंडी पाय लावले. वरचे खण जिथल्या तिथं राहिले, खालून पाण्याला वाट झाली. डबे वरच्या खणात, काकूंच्या कमरेइतक्या उंचीवर आले. इकडं टपरीवर नवी बातमी, बुढ्यानं कपाट मोडलं, आता घर विकते. शेजारची मयुरी, म्हणजे हे लिहिणारी, गावभर सगळ्यांच्या नकला करत फिरते; तिलाही ती खरी वाटली. दारात उभी राहून ती म्हणाली की काकू जाणारच. काकांनी करवत खाली ठेवली आणि पैज लावली. काकू गेल्या तर मयुरीनं सगळ्या गावादेखत त्यांची नक्कल करावी. राहिल्या तर आठ दिवस कुणाचीच नक्कल करायची नाही.

दुपारी अनुपचा फोन आला. काकू उभ्यानंच डाळीचा डबा काढत होत्या. जयभीम झाला, तब्येतीची विचारपूस झाली.

"आम्ही नाई येत बाबू. तूच येजो. तुह्या बाबानं माह्यं सगळं हाताशी आणून देल्लं."

काका करवतीचा भुसा झाडत राहिले, मान वर न करता. मयुरीला आठ दिवस गप्प बसावं लागलं. तोंड बंद, म्हणून तिनं हे लिहायला घेतलं.