बास कुणाकडे वळतो

समोरच्याच्या डोळ्यांत काय दोष आहे ते चष्मेवाल्याला मिनिटभरात कळायचं. स्वतःच्या डोळ्यांत काय सलतंय हे मात्र त्याने चार महिने कुणाला कळू दिलं नाही. सलत होता तो लिफ्टवाला.

लिफ्टवाला म्हणजे इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा एक तिशीतला माणूस, हसरा आणि नको इतका नम्र. तो ट्रॉम्बोन हे लांबलचक पितळी वाद्य वाजवायचा. आणि गेले चार महिने दर रविवारी बाईंचा बास त्याच्याकडे वळत होता.

हे वळणं म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. नाहीतर एवढ्याशा गोष्टीवरून पन्नाशी उलटलेल्या माणसाची झोप का उडावी, हे कुणाला पटायचं नाही.

बाई म्हणजे भूगोलाच्या बाई. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, चष्मेवालाही त्यातलाच. उंचीने बाई जेमतेम फळ्याच्या मध्यापर्यंत पोचायच्या, आणि वाद्य निवडलं ते स्वतःपेक्षा हातभर उंच, उभं धरून वाजवायचं खर्जातलं तंतुवाद्य, डबल बास. चौघांच्या त्या ताफ्याच्या त्या प्रमुख. वाजवायचे ते जॅझ, पण तेही असं की ना चाल ठरलेली, ना समोर कागद. एकाने एक सूर टाकायचा आणि बाकीच्यांनी त्याचं पुढे काय होतंय ते वाजवत वाजवत बघायचं. कधी त्यातून असं काही उभं राहायचं की अंगावर काटा यावा. कधी नुसताच गोंधळ.

"घरातलं सामान हलवताय असं वाटतं," असं चष्मेवाल्याच्या बायकोचं स्पष्ट मत होतं.

जमायचे ते सोफेवाल्याच्या कारखान्यात, रविवारी सकाळी दहाला. सोफेवाला ड्रम वाजवायचा. भोवती कापड न चढवलेले सोफे, स्प्रिंगांचे ढीग आणि भिंतीला टेकवलेले फोमचे जाड तुकडे. फोम आवाज पिऊन टाकतो, त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार नव्हती. पिशव्या दाराबाहेरच्या खिळ्यांना लटकवायच्या, आत यायचं, बसायचं. मग बाई हजेरी घेतल्यासारखं विचारायच्या, "कुणी घरून काही आणलंय?"

प्रत्येकाने "नाही" म्हणायचं. घरी बसवलेली सुरावट आणायची नाही, हा त्या ताफ्याचा एकमेव नियम. इथे येऊन जे सुचेल ते खरं. बाकी सगळं माफ होतं, बेसूरही माफ होतं.

तिघांचं "नाही" झालं की बाई बासचा लोखंडी पाय फरशीतल्या खळग्यात रोवायच्या आणि बास हळूच फिरवून कुणा एकासमोर धरायच्या. त्याला म्हणायच्या, "कर सुरू. मी आहे." त्याने पहिला सूर टाकायचा. मग सकाळभर बासचं तोंड त्याच्याकडे. बाई तार ओढायच्या ती आधी त्याच्या छातीत वाजायची, बाकीच्यांना मागाहून.

बावीस वर्षं तो माणूस म्हणजे क्लॅरिनेट वाजवणारा चष्मेवाला होता. बाईंनी हे कधी बोलून दाखवलं नाही, त्यानेही कधी विचारलं नाही. विचारायचं काय? वर्गात पहिल्या आलेल्या मुलाने कधी निकालाचं कारण विचारलंय? दुकानात आठवडाभर लोकांच्या नाकावर फ्रेमा ठेवून "आता दिसतंय का?" म्हणण्यात जे काही आयुष्य जात होतं, ते रविवारी दहा वाजता भरून यायचं.

आणि मग हा लिफ्टवाला टपकला.

पहिल्या रविवारी बास त्याच्याकडे वळला तेव्हा चष्मेवाला मनात म्हणाला, पाहुणा आहे, असू दे. दुसऱ्या रविवारी म्हणाला, बाईंचा स्वभावच भिडस्त. तिसऱ्या रविवारी त्याच्या पोटात दुखू लागलं. "कर सुरू. मी आहे," हे शब्द दुसऱ्याला उद्देशून ऐकताना त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यात लिफ्टवाला दरवेळी त्याच्याकडे बघून म्हणायचा, "दादा, चुकलं तर सांभाळून घ्या हं." जळत्या माणसाला नम्रपणासारखं दुसरं तेल नाही.

चष्मेवाल्याने त्याचे दोष काढायला सुरुवात केली. ट्रॉम्बोनमधली थुंकी तो फडक्यावर काढतो, शी. त्याच्या बुटांना ग्रीसचा वास येतो. एका वेळी फार कमी सूर वाजवतो, म्हणजे येतच नसणार. दोष काढता काढता एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसली आणि तो बिचारा जिन्यावरून पडता पडता वाचला.

"तुमचं लक्ष कुठे असतं हल्ली?" बायकोने विचारलं.

"कुठे नाही."

"मग त्या लिफ्टवाल्याचं नाव दिवसातून दहा वेळा कशाला घेता?"



त्यातच वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम ठरला, दुपारी चारचा. एक रेकॉर्डवाला तो टिपून त्याची तबकडी काढणार होता. ताफ्याची पहिलीच तबकडी. ती उद्या लोक ऐकणार, आणि त्यात बास लिफ्टवाल्याच्या छातीशी लागलेला. हे चष्मेवाल्याला सहन होईना. त्याने ठरवलं की त्या दिवशी आपण असं काही वाजवायचं, की बाईंनी सगळ्यांदेखत बास आपल्याकडे वळवला पाहिजे.

असं काही आयत्या वेळी सुचलं नाही तर? म्हणून त्याने ते आधीच सुचवून घेतलं. रोज संध्याकाळी दुकान बंद करून यायचं, न्हाणीघरात शिरायचं, दाराच्या फटीत टॉवेल कोंबायचा आणि क्लॅरिनेटवर एकच सुरावट घोटायची. खालून चढत जाणारी, मध्येच अडखळल्यासारखी थांबणारी, आणि मग अगदी वरून अलगद उतरणारी. ते अडखळणंसुद्धा त्याने घोटलं होतं. तीन आठवडे.

कार्यक्रमाच्या दिवशी त्याने बायकोला आग्रह करून नेलं आणि दुसऱ्या रांगेत बसवलं. रंगमंचाच्या मागे बाईंनी विचारलं, "कुणी घरून काही आणलंय?"

"नाही," लिफ्टवाला म्हणाला.

"नाही," सोफेवाला म्हणाला.

"नाही," चष्मेवाला म्हणाला. बावीस वर्षांच्या सवयीने ते सहज निघालं.

बास लिफ्टवाल्याकडे वळला. त्याने एकच खोल सूर लांबवला, बाईंनी त्याखाली तार हलवली, सोफेवाल्याने झांजेवर नुसती बोटं फिरवली. दहाएक मिनिटांनी जरा शांतता झाली, तशी चष्मेवाल्याने आपली सुरावट सोडली.

ती सुंदर होती, हे नाकारून चालणार नाही. खुर्च्यांची कुरकुर थांबली, लोक पुढे सरकून बसले. बाईंनी मान वर केली. चष्मेवाल्याला वाटलं, आता वळणार. पण बाईंची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. दुसऱ्या रांगेत त्याची बायको डोळे मिटून, मान डोलावत, ओठांतल्या ओठांत गुणगुणत होती. सुरावट चढायच्या आधी तिची हनुवटी वर जात होती. तो अडखळला तिथे ती एक क्षण आधीच थांबली होती. पुढे काय होणार हे जिथे वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसतं, ते तिला पाठ होतं.

बाईंनी बास वाजवणं थांबवलं. सोफेवाल्यानेही हात आवरला. सुरावट संपली आणि चष्मेवाला एकटाच उघडा पडला. पुढचं काही सुचेना, कारण पुढचं त्याने आणलंच नव्हतं. घाबरून त्याने तेच पुन्हा सुरू केलं. त्याचा शेवटचा सूर लटपटला, तेव्हा ट्रॉम्बोनने तो खालून उचलून धरला आणि सगळ्यांना पुढे नेलं. ज्याचं नाक कापायचं त्यानेच अब्रू वाचवली. ते उपकार चष्मेवाल्याला थपडेपेक्षा जास्त लागले.

कार्यक्रम संपल्यावर बायको खुशीत आली आणि थेट बाईंपाशीच उभी राहिली. "आज पहिल्यांदा मला यांचं काहीतरी कळलं बाई! कळणारच म्हणा. तीन आठवडे न्हाणीघरात हेच चाललंय."

"छान होतं ते," बाई म्हणाल्या आणि बासला खोळ चढवू लागल्या.

चष्मेवाला सोफेवाल्याला ड्रम आवरायला मदत करू लागला, म्हणजे मान खाली घालायला निमित्त झालं.

"कशाला केलंस हे?" सोफेवाल्याने हळू आवाजात विचारलं.

"बावीस वर्षं बाई माझ्याकडे वळत होत्या. आता त्याच्याकडे वळतात. तुला नाही कळायचं."

"मला नाही कळायचं ते खरं. माझ्याकडे त्या एकदाही वळल्या नाहीत."

चष्मेवाल्याचा हात थांबला. हे इतक्या वर्षांत त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. "तुला वाईट नाही वाटलं?"

"वाईट कशाचं? अरे, जो वाट चुकेल अशी भीती असते त्याच्याकडे त्या वळतात. त्याला आवाज आधी पोचावा म्हणून. मला त्यांनी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं." त्याने झांज पिशवीत सरकवली. "चार महिन्यांपूर्वी तुझ्याबद्दल मला म्हणाल्या, तो आता एकटा चालतो, त्याच्याकडे बघावं लागत नाही. किती खूश होत्या. मला वाटलं, तुला माहीत असेल."

 घरी जाताना बायको तीच सुरावट गुणगुणत होती. तिला गप्प बस म्हणायचा धीर चष्मेवाल्याला झाला नाही.

पुढच्या रविवारी त्याने पिशवी खिळ्याला लटकवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. बाईंनी नेहमीसारखंच विचारलं. तिघांनी "नाही" म्हटलं. त्याच्या "नाही"नंतर बाई किंचित थांबल्या, की त्याला तसं वाटलं, कोण जाणे.

बासचा पाय खळग्यात बसला. बास लिफ्टवाल्यासमोरून सरकला, सोफेवाल्यासमोरून सरकला, आणि चष्मेवाल्यासमोर येऊन थांबला.

"कर सुरू," बाई अगदी मायेने म्हणाल्या. "मी आहे."

त्याने क्लॅरिनेट ओठांना लावलं. पलीकडे लिफ्टवाला ट्रॉम्बोन मांडीवर घेऊन निवांत बसला होता. बासची पाठ त्याच्याकडे होती आणि त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं. चार महिन्यांत चष्मेवाल्याला त्याचा इतका हेवा कधी वाटला नव्हता.